लिटरचा दर आणि किलोमीटरचा खर्च

मोटार चालवण्याचा इंधनखर्च तीन आकड्यांवर ठरतो: लिटरचा दर, एका लिटरमध्ये कापले जाणारे अंतर आणि वर्षभरात कापावे लागणारे अंतर. देशोदेशींच्या इंधनखर्चाची तुलना छापून येते ती बहुधा पहिल्याच आकड्याची, तीही रुपयांत किंवा डॉलरमध्ये बदलून. अशा यादीत कुवेत खालच्या टोकाला आणि हाँगकाँग वरच्या टोकाला दिसते, भारत मधे कुठेतरी असतो, आणि त्यावर वाद रंगतात. पण कुठल्या देशातल्या माणसाला गाडी खरोखर महाग पडते, हे त्या यादीवरून कळत नाही.

पहिली अडचण मोजमापाची आहे. भारतात आणि जपानमध्ये गाडी एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते ते सांगतात. युरोपच्या मुख्य भूमीवर शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात ते विचारले जाते. अमेरिकेत एका गॅलनमध्ये किती मैल, हा हिशेब चालतो. ब्रिटनमध्येही मैल आणि गॅलनच आहेत, पण तिथला गॅलन वेगळा. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, तर ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. त्यामुळे ‘चाळीस मैल देणारी गाडी’ अमेरिकेत लिटरला १७ किलोमीटर देते आणि ब्रिटनमध्ये जेमतेम १४. ब्रिटनमध्ये आणखी एक गंमत आहे. तिथे पंपावर पेट्रोल लिटरने मिळते, गाडीचे मायलेज मात्र गॅलनवर सांगितले जाते. दर लिटरचा, मायलेज गॅलनचे आणि रस्त्यावरच्या पाट्या मैलांच्या, असा तिहेरी हिशेब तिथला वाहनचालक निमूटपणे करत असतो.

युरोपीय पद्धत आपल्याकडच्यापेक्षा उलटी वाटते, पण खर्चाच्या हिशेबाला तीच सोयीची आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणारी दोन कुटुंबे घेऊ. एकाने लिटरला ८ किलोमीटर देणारी जुनी जीप काढून १२ देणारी गाडी घेतली. दुसऱ्याने २० देणारी गाडी बदलून २५ देणारी आणली. ऐकताना दुसऱ्याचा फायदा मोठा वाटतो, कारण वाढ चारऐवजी पाच किलोमीटरची आहे. प्रत्यक्षात पहिल्याचे पेट्रोल १,५०० लिटरवरून १,००० वर आले, म्हणजे ५०० लिटर वाचले. दुसऱ्याचे ६०० वरून ४८० वर आले आणि वाचले फक्त १२० लिटर. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा भ्रम दाखवून दिला. २०१३ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांच्या काचेवर चिकटवल्या जाणाऱ्या पत्रकात शंभर मैलांना किती गॅलन लागतात, हा आकडाही छापला जाऊ लागला. मोठ्या, तहानलेल्या गाड्यांमधली छोटी सुधारणा लहान गाड्यांमधल्या मोठ्या सुधारणेपेक्षा जास्त इंधन वाचवते. भारतातल्या जाहिराती मात्र अजून २२ की २४ यावरच घासाघीस करतात.

एकक जुळवले तरी आकडा कुठून आला हे पाहावे लागते. कंपनी सांगते ते मायलेज रस्त्यावर मोजलेले नसते. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात, चाके जागच्या जागी फिरतात आणि ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवत-कमी करत ती ‘चालवली’ जाते. हे वेळापत्रक प्रत्येक प्रदेशाचे वेगळे. अमेरिकेचे शहरी वेळापत्रक लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर घेतलेल्या जुन्या नोंदींवरून बनले. युरोपच्या जुन्या चाचणीत गाडी वीस मिनिटांत सुमारे ११ किलोमीटर जाई आणि शहरी टप्प्यात शून्यापासून ५० च्या वेगाला पोहोचायला तब्बल २६ सेकंद घेई. इतक्या सावकाश वेग घेणाऱ्या चालकाच्या मागे खऱ्या रस्त्यावर हॉर्नची रांग लागेल.

भारताने हीच युरोपीय चाचणी थोडी बदलून घेतली आणि तिची वेगमर्यादा ९० किलोमीटरवर आणली. गाड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी सर्वांत परिचित आहे ती पुण्यात कोथरूडजवळच्या टेकडीवरची एआरएआय. मोटार उद्योगाने सरकारच्या सहकार्याने १९६६ मध्ये तिची स्थापना केली. जाहिरातीतल्या मायलेजशेजारी बारीक अक्षरांत तिचे नाव असते. तो आकडा खोटा नसतो, पण तो बंद खोलीतला, एसी न लावता, खड्डे, चढ आणि सिग्नल वगळून काढलेला असतो. सिंहगड रस्त्यावर किंवा घोडबंदरला संध्याकाळी गाडी काढणाऱ्याला त्यापेक्षा पाव हिस्सा कमी ॲव्हरेज मिळाले, तर त्यात गाडीचा दोष नाही.

युरोपात ही तफावत फार वाढली. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेच्या अभ्यासांनुसार २००१ मध्ये कागदावरचा आणि रस्त्यावरचा इंधनवापर यांत ८-९ टक्क्यांचा फरक होता. पुढच्या पंधरा वर्षांत तो ४० टक्क्यांच्या आसपास गेला. गाड्या अचानक बिघडल्या नव्हत्या. कर आणि दंड कागदावरच्या आकड्यावर ठरू लागल्यावर कंपन्यांनी चाचणीतल्या पळवाटांवर मेहनत घेतली. त्यामुळे सप्टेंबर २०१७ पासून युरोपात डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आली: तीस मिनिटांची, २३ किलोमीटरची, १३० पर्यंत वेग गाठणारी. अमेरिकेने त्याआधीच, २००८ च्या मॉडेलपासून, जोरात चालवणे, एसी लावणे आणि कडाक्याची थंडी यांच्या स्वतंत्र चाचण्या हिशेबात धरायला सुरुवात केली होती. एकच गाडी भारतात २० किलोमीटरची, युरोपात १७ ची आणि अमेरिकेत त्याहून कमीची ठरू शकते, ती अशी. तुलना करताना एका देशाचा प्रयोगशाळेतला आकडा आणि दुसऱ्याचा रस्त्यावरचा, असे एकत्र केले की निष्कर्ष हवा तसा काढता येतो.

आता दराकडे. कच्च्या तेलाचे पिंप १५९ लिटरचे असते. पिंपाला ८० डॉलर भाव असेल, तर एक लिटर कच्चे तेल अर्ध्या डॉलरला, म्हणजे २०२४ च्या विनिमय दराने सुमारे ४२ रुपयांना पडते. ही किंमत भारत, जर्मनी, जपान यांना जवळपास सारखीच. शुद्धीकरण, वाहतूक आणि पंपचालकाचे कमिशन यांतही फार मोठा फरक नसतो. फरक पडतो तो सरकारमुळे.

२०२४ मध्ये अमेरिकेत साध्या पेट्रोलचा सरासरी दर गॅलनला ३ डॉलर ३० सेंटच्या आसपास होता, म्हणजे लिटरला सुमारे ७३ रुपये. दिल्लीत तो ९५ रुपये, मुंबईत १०३.५०, जपानमध्ये सरकारी अनुदान धरून ९७ च्या आसपास, ब्रिटनमध्ये १५० आणि जर्मनीत १५८ च्या घरात होता. सौदी अरेबियात जुलै २०२१ पासून २.१८ रियाल, म्हणजे पन्नास रुपयांच्या आत. कुवेतमध्ये ८५ फिल्स, सुमारे २३ रुपये. हाँगकाँगमध्ये अडीचशेच्या वर.

अमेरिकेचा केंद्रीय इंधनकर गॅलनला १८.४ सेंट आहे आणि तो १९९३ पासून वाढलेला नाही. राज्यांचे कर मिळवले तरी एकूण करभार दराच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकाच. ब्रिटनमध्ये मार्च २०२२ पासून लिटरला ५२.९५ पेन्स इंधनशुल्क आणि त्या शुल्कासकट सगळ्या रकमेवर वीस टक्के व्हॅट लागला. १४० पेन्सच्या लिटरमधले ७६ पेन्स कराचे. युरोपीय संघात पेट्रोलवर लिटरला किमान ३५.९ युरो सेंट कर लावणे प्रत्येक सदस्य देशाला बंधनकारक आहे, आणि जर्मनी त्याच्या जवळपास दुप्पट घेते. तेलाचा निर्यातदार नॉर्वे आपल्या नागरिकांना पेट्रोल युरोपातल्या चढ्या दरांनी विकतो आणि तेलाची कमाई भविष्यासाठीच्या सरकारी निधीत टाकतो. घरात तेल आहे म्हणून ते स्वस्त असलेच पाहिजे, हा नियम नाही.

उलट टोकाला व्हेनेझुएला. तिथे दशकानुदशके पेट्रोल जवळजवळ फुकट होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये सरकारने दर वाढवले, बसभाडी चढली आणि काराकासमध्ये दंगली उसळून शेकडो माणसे मेली. त्यानंतर दराला हात लावायला सरकारे बिचकू लागली. इराणमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये, नायजेरियात जानेवारी २०१२ मध्ये दरवाढीवरून असेच आंदोलन पेटले. फ्रान्समधले पिवळ्या जाकिटांचे आंदोलनही २०१८ मध्ये इंधनकरावरूनच सुरू झाले. स्वस्त इंधनाचे अनुदान खिशात किती पडते यापेक्षा ते काढून घेणे किती अवघड, हे या देशांनी अनुभवले. शिवाय स्वस्त पेट्रोल सरहद्द ओलांडते: व्हेनेझुएलातून कोलंबियात, इराणमधून पाकिस्तानच्या बलुचिस्तानात.

ही गोष्ट भारतालाही परकी नाही. नेपाळ आणि भूतान पेट्रोल भारताकडूनच घेतात, पण भारतीय कर त्यात नसतात. २०२१ च्या सुरुवातीला नेपाळमध्ये दर इतका खाली होता, की बिहारच्या सीमेवरच्या गावांत तिकडून कॅन भरून आणण्याचा धंदा सुरू झाला. देशाच्या आतही तेच. पेट्रोल जीएसटीबाहेर आहे. केंद्राचे उत्पादन शुल्क सगळीकडे सारखे, पण त्यावरचा व्हॅट ज्याच्या त्याच्या राज्याचा. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि दर लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरला. पुढे तिथेही कर वाढला, तरी महाराष्ट्र आणि गोवा यांत फरक राहिला. बांद्याकडचा माणूस पत्रादेवीचा नाका ओलांडून टाकी फुल्ल करतो, त्याचे कारण एवढेच. महाराष्ट्राच्या आत परभणीचा दर कायम चढा असतो. तिथे कर वेगळा नाही, टँकर मनमाडकडच्या डेपोतून लांबून येतो आणि त्याचे भाडे दरात चढते.

भारतात पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. १६ जून २०१७ पासून ते रोज ठरू लागले. पण कच्चे तेल उतरले की शुल्क चढते आणि तेल चढले की निवडणुकीचा मोसम पाहून शुल्क उतरते, हा खेळ त्यानंतरही चालू राहिला. मे २०२० मध्ये महासाथीमुळे तेल कोसळले, तेव्हा पेट्रोलवरचे केंद्रीय शुल्क लिटरला ३२.९८ रुपयांवर गेले. मे २०२२ मध्ये ते १९.९० वर आले. त्यामुळे भारतीय ग्राहकाला जागतिक बाजारातली स्वस्ताई क्वचितच पुरती दिसते.

दर आणि मायलेज एकत्र केले की चित्र पालटते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनुसार २०२३ च्या मॉडेलच्या नव्या गाड्यांचे प्रत्यक्ष सरासरी मायलेज गॅलनला २७.१ मैल, म्हणजे लिटरला साडेअकरा किलोमीटर होते. ७३ रुपयांच्या दराने किलोमीटरला सव्वासहा रुपयांच्या थोडा वर खर्च येतो. मुंबईत लहान हॅचबॅक रस्त्यावर १८ किलोमीटर देत असेल, तर १०३.५० च्या दराने खर्च पावणेसहा रुपये. म्हणजे पेट्रोल अमेरिकेत जवळजवळ तीस टक्के स्वस्त असूनही तिथला किलोमीटर मुंबईच्या किलोमीटरपेक्षा महाग. जर्मनीत रस्त्यावरच्या गाड्या शंभर किलोमीटरला साधारण साडेसात लिटर पितात. १५८ च्या दराने किलोमीटरला बारा रुपये पडतात. जपानमधली २० किलोमीटर देणारी छोटी गाडी पाच रुपयांतच भागवते.

तरी अमेरिकन माणूस सुखी दिसतो, कारण तिसरा आणि चौथा आकडा: अंतर आणि उत्पन्न. तिथला वाहनचालक वर्षाला सरासरी १३,५०० मैल, म्हणजे २१,७०० किलोमीटर गाडी चालवतो. त्याचा वर्षाचा खर्च सुमारे १ लाख ३८ हजार रुपये होतो. तिथले दरडोई उत्पन्न रुपयांत ७० लाखांच्या वर आहे, म्हणजे हा खर्च दोन टक्क्यांच्या आतला. जर्मन चालक साडेबारा हजार किलोमीटरला दीड लाख रुपये मोजतो. उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या थोडे वर. भारतात दहा हजार किलोमीटरचे ५७,५०० रुपये सव्वादोन लाखांच्या दरडोई उत्पन्नाचा चौथा हिस्सा होतात. भारतात मोटार बाळगणारा सरासरी भारतीय नसतो, त्याचे उत्पन्न यापेक्षा बरेच अधिक असते, हे खरे. पण भारतात दुचाकी एवढ्या का आहेत आणि गाडी घेताना पहिला प्रश्न ॲव्हरेजचा का असतो, याचे उत्तर त्या चौथ्या हिश्शात आहे.

दर आज बदलला म्हणून माणूस उद्या कमी गाडी चालवत नाही. नोकरी, शाळा, घर जिथल्या तिथे असतात. पण तोच दर तीस-चाळीस वर्षे टिकला, की गाड्या आणि शहरे त्याप्रमाणे घडतात. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखल्यावर अमेरिकेने कर वाढवायचे टाळले आणि १९७५ च्या कायद्याने कंपन्यांवर सरासरी मायलेजचे बंधन घातले: १९७८ मध्ये १८ मैल, १९८५ साठी साडेसत्तावीस. त्यात ‘हलके ट्रक’ या वर्गाला सवलत होती. शेतकरी आणि कारागीर यांच्यासाठी ठेवलेल्या त्या सवलतीतूनच पुढे एसयूव्हीची लाट आली, कारण नियमाच्या लेखी ती मोटार नव्हती. फार पिणाऱ्या गाड्यांवर १९७८ मध्ये बसवलेला वेगळा करही या गाड्यांना लागू होत नाही.

युरोपात उलट डिझेलवर कर कमी ठेवला गेला. जर्मनीत पेट्रोलवर लिटरला ६५.४५ सेंट, तर डिझेलवर ४७.०४. डिझेलच्या लिटरमध्ये ऊर्जाही दहा टक्क्यांहून अधिक असते. साहजिकच २०११ च्या सुमारास पश्चिम युरोपातल्या निम्म्याहून अधिक नव्या मोटारी डिझेलच्या होत्या. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीतली लबाडी अमेरिकेत उघड झाली, तेव्हा ही लाट ओसरली. जपानने ६६० सीसी इंजिन आणि ३.४ मीटर लांबीच्या ‘केई’ गाड्यांना कर, विमा आणि पार्किंगमध्ये सवलती दिल्या. भारताने २००६ मध्ये चार मीटरांच्या आतल्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचे शुल्क उतरवले. मागचा भाग कापल्यासारख्या दिसणाऱ्या सेडान त्यानंतरच रस्त्यावर आल्या. सौंदर्याच्या दृष्टीने तो काही चांगला दिवस नव्हता. हाँगकाँगमध्ये पेट्रोलवर लिटरला सहा हाँगकाँग डॉलर शुल्क आहे, पण बहुसंख्य प्रवास रेल्वेने आणि बसने होत असल्याने जगातले सर्वांत महाग पेट्रोल तिथल्या बहुतेकांच्या घरखर्चात येतच नाही.

लिटर हेच माप ठेवायचे, तर लिटरमध्ये काय आहे तेही बघावे लागते. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते. ब्राझीलमध्ये १९७५ पासून उसाच्या इथेनॉलची योजना चालू आहे आणि २००३ पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आहेत. तिथला वाहनचालक पंपावर तोंडी हिशेब करतो: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तरच ते भरायचे. भारतात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले, त्यात महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा मोठा वाटा आहे. ऊर्जेच्या हिशेबाने अशा लिटरमध्ये सहा-सात टक्के घट येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या मोटारींसाठी तेवढ्याच घटीचा, आणि नव्या मिश्रणासाठी जुळवलेल्या मोटारींसाठी एक-दोन टक्क्यांचा अंदाज होता. ब्राझीलच्या ग्राहकाला कमी ऊर्जेचे इंधन कमी दरात मिळते. भारतातल्या ग्राहकाला निवडही नाही आणि सूटही नाही. सीएनजीत वेगळा घोळ आहे. ती किलोने विकली जाते आणि एका किलोत पेट्रोलच्या लिटरपेक्षा बरीच जास्त ऊर्जा असते, त्यामुळे ‘किलोला २६’ आणि ‘लिटरला १८’ यांची सरळ तुलना होत नाही. रुपये प्रति किलोमीटर हीच मोजपट्टी तिथे चालते.

विजेच्या गाडीने लिटर पूर्णच बाजूला पडला. शंभर किलोमीटरला पंधरा युनिट खाणारी गाडी भारतात घरच्या आठ-दहा रुपयांच्या युनिटवर किलोमीटरला दीड रुपयाच्या आत चालते. जर्मनीत घरगुती युनिट ४० सेंटच्या आसपास असल्याने शंभर किलोमीटरला सहा युरो लागतात, तर पेट्रोलला तेरा. महामार्गावरच्या जलद चार्जरचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त असल्याने तिथे हा फायदा झपाट्याने आटतो. विजेवर पेट्रोलइतका कर नाही, म्हणून सरकारांनाही आता नवा हिशेब मांडावा लागत आहे. न्यूझीलंडमध्ये डिझेलवर पंपावर उत्पादन शुल्क नाही. डिझेल गाडीचा मालक किलोमीटरप्रमाणे रस्ता-शुल्क आधीच भरून ठेवतो. दरांच्या जागतिक यादीत तिथले डिझेल त्यामुळे फसवे स्वस्त दिसते. १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या मोटारींनाही हेच शुल्क लागू झाले: हजार किलोमीटरला ७६ न्यूझीलंड डॉलर, म्हणजे किलोमीटरला पावणेचार रुपयांच्या आसपास.